चुलीशिवायची वाफ

अंकलना काही विचारलं, की उत्तर दुसऱ्या दिवशी मिळायचं. सोमवारी सकाळी बूट घालता घालता मी विचारायचो, "अंकल, आज पाऊस पडेल का हो?" ते गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून खिडकीबाहेर बघत बसायचे. मंगळवारी सकाळी, त्याच जागी, मी तेच बूट घालत असताना मागून आवाज यायचा, "पडला." बस्स. पहिल्या महिन्यात मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. दुसऱ्या महिन्यात वाटलं, हा मला खिजवतोय. आम्ही पुण्याची माणसं, तिरकस उत्तरं ओळखण्यात आमची हयात गेलेली. पण अंकलच्या बोलण्यात तिरकसपणा औषधालाही नसायचा. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की बोलायला श्वास लागतो आणि श्वास ही उधळायची चीज नाही. त्यामुळे खात्री झाल्याशिवाय ते तोंड उघडत नसत.

मी त्यांचा भाडेकरू होतो. सिंगापुरात बुओना व्हिस्टा स्टेशनच्या मागे, काचेच्या उंच ऑफिसांच्या सावलीत, सरकारी वसाहतीच्या काही जुन्या इमारती होत्या. त्यांतल्या एकीत दहाव्या मजल्यावर अंकल एकटे राहायचे. मी नोकरीला जुरोंग आयलंडवर, एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनियर. म्हणजे आग लागू नये म्हणून पगार घेणारा माणूस. आई पुण्याहून फोनवर विचारायची, "त्या चिनी गृहस्थांच्या स्वयंपाकघरात तू वरणभात लावतोस कसा रे?" वरणभाताचं काही अडत नव्हतं. माझ्या कुकरची शिट्टी झाली, की अंकल हातातलं काम थांबवून वाफ विरेपर्यंत तिच्याकडे आदरानं बघत राहायचे. माझ्या सगळ्या सामानात त्यांना मनापासून मान्य असलेली ती एकच वस्तू होती.

खोली मिळाली त्याचीही गंमतच. तिथे आपल्या लोकांना खोली शोधताना फोनवरच विचारतात, "स्वयंपाक करणार का?" आपण हो म्हटलं, की पलीकडे जागा अचानक भरलेली असते. अंकलनी काहीच विचारलं नाही. त्यांनी दार उघडलं, मी आत पाऊल टाकलं आणि ते नेमकं एका कागदावर पडलं. हॉलभर जुनी वर्तमानपत्रं पसरली होती आणि प्रत्येकावर ब्रशनं काढलेलं एक मोठं काळं अक्षर वाळत होतं. मी दचकून वाकलो, कागदाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. त्यात विचार वगैरे काही नव्हता. वहीपुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे लहानपणी पाठीत धपाटे खाऊन अंगात मुरलेलं. कागद मराठी आहे का चिनी, हे हाताला कुठे कळतं? मान वर केली तर अंकल माझ्याकडे टक लावून बघत होते. बरोबरची एजंट बाई "सॉरी, सॉरी" करायला लागली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. अंकलचं उत्तर आलं होतं: "कॅन." म्हणजे, चालेल.

पुढे कळलं, की लिहिलेला कागद अंकल कधीही केरात टाकत नसत. महिनाभराचे कागद पिशवीत साठवायचे आणि देवळातल्या भट्टीत स्वतःच्या हातानं जाळून यायचे. त्यात वर्तमानपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, माझ्या नावानं येणारी पत्रकं, सगळं असायचं. पिझ्झाच्या जाहिरातींना इतकी सद्गती दुसऱ्या कुठल्या गावात मिळाली नसेल.

तारुण्यात ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्याच काळात ताओ पंथाच्या एका लहानशा देवळातल्या गुरूंनी त्यांचा हात हेरला आणि देवळासाठी लागणारे ताइतासारखे पिवळे कागद लिहायला शिकवलं. गुरूंनी अक्षरं पुष्कळ शिकवली असतील, पण मी ओळखू लागलो तोवर अंकल एकच अक्षर लिहीत होते. रोज पहाटे, मी कंपनीच्या बससाठी निघायच्या सुमाराला, ते बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये येऊन उभे राहायचे. अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्यात मनगटाएवढा जाड ब्रश. डोळे मिटून एक श्वास घ्यायचे, तो आत धरायचे आणि सिमेंटच्या फरशीवर नुसत्या पाण्यानं ते अक्षर काढायचे. एकूण आठ फटकारे, संथ, एकाला एक लागून. शेवटचा झाला की वाकून, धरलेला श्वास त्या ओल्या अक्षरावर हळूहळू सोडायचे. आई मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालते ना, तशी.

मग ते सुकताना बघत बसायचं. मीही बसायचो, हातात हेल्मेट आणि डबा घेऊन. खाली रस्त्यावर गाड्या सुरू झालेल्या असायच्या, समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवर उजेड चढत असायचा आणि आमच्या पायांशी ते अक्षर कडांकडून आत आत आटत जायचं. आधी वरच्या बारीक रेघा जायच्या. खालचे चार ठिपके सर्वांत उशिरा, कारण तिथे ब्रश दाबलेला असे. कधी कधी वाटायचं, ते पुसलं जात नाहीये, फरशीच्या आत कुठे तरी चाललंय आणि आपण जरा वेळ असेच बसलो तर आपणही जाऊ. त्या नादात माझी दोनदा बस चुकली. वरिष्ठांना काय सांगणार? अक्षर सुकलं नव्हतं म्हणून?

त्याचा अर्थ मी विचारला, तेव्हा उत्तराला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंकल माझ्या समोर बसले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सावकाश बोलले. अक्षराचा उच्चार 'ची'. अर्थ श्वास, वाफ, प्राण, काय हवं ते म्हणा. ते लिहायच्या दोन तऱ्हा आहेत. एक रोजच्या व्यवहारातली, तिच्यात तांदूळ दडलेला असतो. भात शिजतो, वाफ निघते, माणूस जेवतो, त्याचा श्वास चालतो.

"तो खाणाऱ्यांचा श्वास," अंकल म्हणाले. "आता शाळेत सोपं करून शिकवतात. त्यातला तांदूळपण काढून टाकला. मुलं उपाशी लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडायची ही तिथली लकब.

"आणि ही दुसरी?"

"ही देवळातली. वर लिहिलंय 'नाही'. खाली चार ठिपके म्हणजे जाळ. चूल नाही, तरी वाफ आहे. तू जन्मायच्या आधी होती. तुझी आई जन्मायच्या आधी होती. ती कुणी शिजवली नाही."

मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे प्राणायामात श्वास आत कोंडून धरतात, त्याला कुंभक म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली उचलताना ते म्हणाले, "कुंबा गुड."

फरशीवर पाण्यानं लिहिणं हा नुसता सराव होता. खरं लिहायचं ते हिंगुळाच्या लाल शाईनं, पिवळ्या कागदावर आणि एकाच श्वासात. श्वास मध्ये तुटला, की कागद बाद. भट्टीत. शेवटचा ठिपका पडल्यावर तोच धरलेला श्वास कागदावर सोडायचा, म्हणजे तो कागदात शिरतो आणि तिथेच राहतो. शाई फक्त त्याला वाट दाखवते.

आता मला सांगा, 'वर नाही, खाली जाळ' असं अक्षर सेफ्टी इंजिनियरला दाखवल्यावर त्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? अंकलकडचा एक पिवळा कागद मी कौतुकानं मागून घेतला, झकास लॅमिनेट केला आणि प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये आगीच्या अलार्मशेजारी चिकटवला. दुपारपर्यंत त्या पॅनलसमोरची खुर्ची रिकामी झाली. ऑपरेटर भिंतीला पाठ लावून उभे. त्यांच्यातला एक वयस्क चिनी ऑपरेटर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, खरं सांगा, इथे कुणी काय बघितलं?" असला कागद कुणी उगाच लावत नाही, जागेला काही तरी बाधा असल्याशिवाय, अशी सगळ्यांची समजूत. माझ्या वरिष्ठांनी तो कागद काढायला लावला आणि मग संध्याकाळपर्यंत मी एकेकाची समजूत घालत फिरलो.

घरी येऊन अंकलना सांगितलं. त्यांनी प्लास्टिकमधल्या कागदावरून बोट फिरवलं. "बंद केलंस? मग तो श्वास घेणार कुठून?" असं म्हणाले आणि हसू लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं आणि हसता हसता खोकला सुरू झाला. तो थांबेना. टेबलाची कड धरून ते वाकले, ओठ निळसर झाले, मी पाठ चोळत राहिलो आणि शेवटी त्यांच्या मुलीला फोन केला.

उभा जन्म भट्टीच्या आणि उदबत्त्यांच्या धुरात काढलेला. फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी तोंडात मारायचा फवारा दिला आणि धुरात जायचं नाही असं बजावलं. अंकलनी हे सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, "बघू."

ही मुलगी त्यांची एकुलती एक. पुंगोलला राहायची, नवरा आणि दोन लहान मुलं. कॉलेजात असतानाच ती ख्रिस्ती झाली होती. त्यावरून बापलेकीत भांडण झाल्याचं मी कधी ऐकलं नाही, पण मध्ये एक रेघ होती. ती पिवळ्या कागदांना हात लावत नसे, देवळाच्या आत पाऊल टाकत नसे आणि मुलांच्या नजरेला ते कागद पडू नयेत असं तिला वाटे. दर रविवारी चर्चमधून ती मुलांना घेऊन, सूपचा डबा घेऊन यायची. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी अंकल कागदांचा गठ्ठा उचलून माझ्या खोलीत आणून ठेवायचे, शेल्फवरच्या माझ्या गणपतीच्या शेजारी. माझ्याकडे बघून मान हलवायचे, जशी काही फार मोठी गुप्त मोहीम पार पडली. मुलीला सगळं ठाऊक होतं. माझं बंद दार बघून ती एकदा म्हणाली होती, "तुझ्या देवाला शनिवार-रविवार पाहुण्यांचा त्रास होतो ना?"

मला ती दोघंही आवडायची. माझी पंचाईत झाली ती त्यामुळेच.

देवळाच्या जागेची मुदत संपली होती. तीन लहान देवळं मिळून एका छपराखाली जाणार होती. जुन्या वेदीवरचं धुपाचं भांडं उचललं, तेव्हा त्याच्याखाली अंकलनी तरुणपणी लिहून ठेवलेल्या कागदाचा वाळवीनं भुगा केलेला निघाला. नव्या वेदीखाली नवा कागद हवा होता, तेच एक अक्षर. समितीचे अध्यक्ष मोठे व्यवहारी गृहस्थ. ते घरी येऊन म्हणाले, "अंकल, त्रास घेऊ नका. छापून आणतो. नाही तर दुसऱ्या देवळातून कुणाला तरी बोलावतो." अंकलनी दुसऱ्या दिवशी मला निरोप सांगायला लावला: त्यांच्या गुरूंनी त्या देवळासाठी लिहिलं, मग त्यांनी लिहिलं, आता त्यांच्या मागे कुणी नाही, तेव्हा हा शेवटचा त्यांनाच लिहू द्यावा. त्याशिवाय ती जागा म्हणजे नुसती शेड.

अक्षराला लागायचे अठरा सेकंद. हे मी मोजलं होतं, प्लांटमधल्या स्टॉपवॉचनं. अंकलचा श्वास टिकायचा नऊ सेकंद.

आमच्याकडे पाठीला हवेचं सिलिंडर लावून धुरात शिरायचा सराव असतो आणि तो मीच घ्यायचो. घाबरून धापा टाकल्या तर हवा लवकर संपते, म्हणून आधी खांदे सैल सोडायचे, पोटानं श्वास घ्यायचा, बाहेर सोडताना दुप्पट वेळ लावायचा. तेच मी अंकलना शिकवायला लागलो. जन्मभर श्वासाची साधना केलेल्या माणसाला श्वास घ्यायला शिकवणारा मी! पण ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकायचे. अकरा सेकंद झाले, मग तेरा. एके दिवशी फरशीवर पंधरा झाले आणि आम्ही दोघांनी खाली हॉकर सेंटरमध्ये जाऊन गोड बीन्सचं सूप खाल्लं.

मग धुराचे दिवस आले. शेजारच्या देशात जंगलं पेटली, की त्यांचा धूर समुद्र ओलांडून सिंगापुरावर येऊन बसतो. समोरची इमारत दिसेनाशी झाली, सूर्य दिवसा तांब्याच्या पैशासारखा लाल दिसायला लागला, सगळं शहर झोपेत चालल्यासारखं. आम्ही दारंखिडक्या बंद करून बसलो. अंकलचा श्वास आठ सेकंदांवर आला. धूर ओसरल्यावर जेमतेम अकरा-बारावर परतला आणि तिथेच अडला.

मुलीनं मला खाली लिफ्टपाशी गाठलं. "तू त्यांना मदत करतोयस, मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी देवळात उदबत्त्यांचा धूर असेल. ते उभे राहून श्वास कोंडून धरतील आणि पडतील. मला त्यांच्या देवाशी भांडायचं नाही. मला माझे वडील हवेत. त्यांना जाऊ देणार नाही असं वचन दे." मी वचन दिलं. वर आलो, तर अंकल नवा बनियन घडी करून ठेवत होते. "तू नेशील ना?" त्यांनी विचारलं. मी त्यांनाही हो म्हटलं. दोन दगडांवर पाय ठेवायची अक्कल माझ्यात आहे हे मला त्या दिवशी कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

त्यांच्या पंचांगानं काढलेला मुहूर्त रविवारी सकाळचा होता. मुलगी त्या वेळी चर्चमध्ये असणार, म्हणून अंकल खुशीत होते. टॅक्सीत मी खिडकीकडे तोंड करून तिला मेसेज पाठवला: आम्ही देवळात चाललोय, मला थांबवता आलं नाही. मग फोन खिशात टाकला आणि पुन्हा बघितलाच नाही.

नवं देऊळ सिमेंटच्या वासाचं, ट्यूबलाइटच्या उजेडाचं. वेदीपुढे टेबल मांडलेलं, त्यावर पिवळे कागद, लाल शाई. भोवती पंधरा-वीस माणसं आणि भरपूर उदबत्त्या. अंकल टेबलाशी बसले. श्वास घेतला. वरचे चार फटकारे सुरेख झाले. खालचे दोन ठिपकेही पडले आणि तिसऱ्याला खोकल्यानं त्यांना गाठलं. ब्रश कागदावरून घसरला.

"चालेल अंकल," अध्यक्ष म्हणाले. "दोनच ठिपके राहिले, भरून टाका. कुणाला कळणार?"

"कागदाला," अंकल म्हणाले. इतक्या चटकन दिलेलं त्यांचं उत्तर मी दुसरं ऐकलं नाही.

दुसऱ्या कागदावर ते पहिल्या ठिपक्यापर्यंतच पोचले. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "कॅनॉट." नजर टाळायला मी दाराकडे बघितलं, तर उंबऱ्याच्या बाहेर ती उभी होती, चर्चच्या कपड्यांत, धापा टाकत. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी पुढे झालो, माफी मागायला तोंड उघडलं, तिनं हातानंच मला गप्प केलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मग तिथला तो उंच उंबरा ओलांडून ती आत आली.

वेदीकडे तिनं मान वळवली नाही, हात जोडले नाहीत. अध्यक्षांना त्यांच्या भाषेत एवढंच म्हणाली, "उदबत्त्या बाहेर न्या. पंखा इकडे वळवा." पंधरा-वीस माणसं मुकाट्यानं कामाला लागली. तिनं पर्समधून फवारा काढला, अंकलच्या तोंडाशी धरला, पाठ चोळली, थांबली, पुन्हा एकदा मारला. अंकल खाली मान घालून बसले होते. "चल पा, घरी," ती म्हणाली. ते उठले नाहीत. कोऱ्या कागदांकडे बघत राहिले. तीही बघत राहिली. पंख्याच्या वाऱ्यानं कागद फडफडत होते. तिनं पुढे होऊन पंखा बंद केला आणि दोन बोटांनी एक पिवळा कागद उचलून त्यांच्यापुढे सरळ ठेवला.

"एकदाच," ती म्हणाली. "मग घरी."

ती त्यांच्या मागे उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. त्यांनी श्वास घेतला, तसा तिनंही घेतला. स्टॉपवॉच माझ्या खिशात होतं, ते काढायचं मला सुचलं नाही. ब्रश निघाला. वरचं 'नाही' उतरलं. पहिला ठिपका, दुसरा. अंकलच्या मानेची शीर ताणली, चेहरा राखेसारखा झाला. तिसरा. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, डोळे भरून आले होते आणि ती श्वास सोडत नव्हती. चौथा.

अंकलनी ब्रश उचलला, कागदावर वाकले, तोंड उघडलं. काही आलंच नाही. होतं नव्हतं ते सगळं त्या चार ठिपक्यांत संपलं होतं. रिकामं तोंड उघडं ठेवून ते तसेच वाकून राहिले. तो चेहरा मला बघवेना. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून तिचा धरलेला श्वास सुटला, लांब, थरथरत, पुरा. पिवळ्या कागदाचा कोपरा उचलला, ओली लाल शाई हलली आणि कागद पुन्हा टेबलावर टेकला.

तिनं तो मुद्दाम सोडला की सुटला, हे तिला कुणी विचारलं नाही. अंकल कितीतरी वेळ कागदाकडे बघत होते. मग त्यांनी चाचपडत खांद्यावरचा तिचा हात शोधला आणि त्यावर आपला हात ठेवला.

"पोचला," ते म्हणाले.